गिलाव्याचा दर २७ की ३१? पोटठेकेदारांची कोटेशनं एका मापात कशी आणायची

पुण्यातल्या कुठल्याही साईटवर गिलाव्यासाठी तीन कोटेशनं मागवा. एक लेटरहेडवर टाइप करून येतं, दुसरं व्हॉट्सॲपवर एका ओळीत आणि तिसरं म्हणजे वहीच्या पानाचा फोटो. तिन्हींत चौरस फुटाचा दर असतो, म्हणून ती शेजारी शेजारी ठेवता येतील असं वाटतं. पण तिघांचा चौरस फूट एक नसतो. एकाने खिडकी-दाराची वजावट धरलेली नसते, दुसऱ्याने घोडी-फळ्या (गवंडी उभा राहतो ते मचाण) तुमच्याकडून गृहीत धरलेल्या असतात, तिसऱ्याच्या दरावर जीएसटी यायचा असतो. अशा वेळी सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवणं म्हणजे सर्वांत कमी लिहिणाऱ्याला काम देणं.

आधी आपला कागद, मग त्यांचा दर

ठेकेदाराला स्वतःच्या शब्दांत कोटेशन द्यायला सांगूच नका. कामांची यादी तुम्ही करा, त्याने फक्त दराचा रकाना भरायचा. यादीत प्रत्येक बाबीचं वर्णन, एकक, अंदाजे परिमाण, नकाशाचा क्रमांक आणि त्याची कितवी सुधारणा हे सगळं हवं. सुधारणेचा क्रमांक क्षुल्लक वाटतो, पण वास्तुविशारदाने मधल्या काळात बाल्कनीचा पॅरापेट बदलला असेल तर दोघांनी वेगवेगळ्या इमारतींचे दर दिलेले असतात.

त्याच्या मागच्या पानावर ‘कोण काय देणार’ हा तक्ता हवा, कारण भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. गिलाव्यापुरतं बोलायचं तर सिमेंट-वाळू कोणाची आणि ती मजल्यावर कोण चढवणार, लिफ्ट किंवा होइस्ट कोणाचं, घोडी-फळ्या कोणाच्या, आरसीसी आणि विटांच्या सांध्यावरची जाळी कोण ठोकणार, गुळगुळीत काँक्रीटला टाचे (गिलावा धरावा म्हणून खाचा) कोण मारणार, इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या (वायरसाठी भिंतीत कापलेले चर) कोण भरणार, पाणी किती दिवस आणि कोण मारणार, राडारोडा खाली कोण आणणार आणि साईटबाहेर कोण नेणार. शिवाय कामगारांची राहण्याची सोय, वीज आणि पाणी. पाण्याचं तर स्पष्टच लिहा. महापालिका बांधकामासाठी प्रक्रिया केलेलं पाणी वापरायला सांगते, तो टँकर कोणाच्या खर्चाने येणार हे उन्हाळ्यात विचारून उपयोग नाही.

तीन ते पाच जणांना बोलवा. सहा-सातांना बोलावलं की चांगले ठेकेदार मन लावून दर काढत नाहीत, कारण काम मिळण्याची शक्यता त्यांनाही मोजता येते. सगळ्यांना साईट दाखवा आणि दर काढायला आठवडाभर द्या. मधल्या काळात एकाने शंका विचारली तर उत्तर सगळ्यांना लेखी जाऊ दे. एकालाच फोनवर सांगितलेलं उत्तर ही पहिली गळती, तिथून पुढची तुलना कितीही नीट केली तरी ती खरी नसते.

माप कुठलं

मोजमापासाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे आणि त्याचा १२वा भाग गिलाव्याचा आहे. नियम थोडक्यात असे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांच्या झरोक्याची वजावट नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्याची वजावट एकाच बाजूने होते आणि चौकटीकडेच्या कडांचं वेगळं माप धरत नाहीत. ३ चौरस मीटरच्या, म्हणजे ३२.३ चौरस फुटांच्या वर गेलं की दोन्ही बाजूंनी वजावट आणि कडांचं माप वेगळं मिळवायचं. त्यामुळे ३ बाय ७ फुटांच्या आतल्या दाराची, म्हणजे २१ चौरस फुटांची, एकच बाजू वजा होते. हॉल आणि बाल्कनीमधल्या ७ बाय ७ च्या सरकत्या दाराची दोन्ही बाजूंनी ४९-४९ फूट वजा होतात.

लेबर ठेकेदारांची रूढ पद्धत मात्र बऱ्याचदा ‘भरीव माप’ अशी असते. भिंत अखंड मोजायची, दार-खिडकी वजा नाही. ही पद्धत चुकीची नव्हे. दर त्या हिशेबाने दिलेला असेल तर ती चालते. चूक होते ती एकाचं भरीव माप आणि दुसऱ्याचं आयएस माप एकाच रकान्यात टाकण्यात. घराच्या आराखड्यानुसार दोन्हींतला फरक बदलतो, म्हणून एका फ्लॅटचं माप दोन्ही पद्धतींनी काढून बघा आणि तो टक्का पूर्ण इमारतीला लावा.

इतर कामांतही एककाची अशीच खोड असते. आरसीसी लेबरचा दर ‘स्लॅबच्या चौरस फुटावर’ दिला जातो. त्यात पाया, प्लिंथ बीम, लिफ्टचा खड्डा, जिना, छज्जे, गच्चीवरची टाकी आणि पॅरापेट येतात की नाही, हे विचारल्याशिवाय त्या दराला अर्थ नाही. सळई बांधणीचा टनावरचा दर असेल तर वजन काट्यावरचं की सूत्राचं? सूत्र म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, तेवढे किलो दर मीटरला. १० मिलिमीटरच्या सळईला ०.६१७. सळईच्या वजनाला मानकाने थोडी सूट दिलेली असते, म्हणून दोन्हींत फरक पडतो. इलेक्ट्रिकल कामात ‘पॉइंट’ म्हणजे काय ते लिहा: डीबीपासून (वीज वाटणाऱ्या पेटीपासून) स्विचबोर्डपर्यंतची सर्किट वायर पॉइंटमध्ये आहे की वेगळी? प्लंबिंगमध्ये मैल्याच्या पाइपला एसडब्ल्यूआरचा (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा) टाइप बी लागतो. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी असतो, आणि नुसतं ‘एसडब्ल्यूआर पाइप’ लिहिलेल्या कोटेशनमध्ये तोच निघतो.

तिघांना एका रेषेत आणणं

आता एक उदाहरण सोडवू. पार्किंगवर पाच मजले, आतला गिलावा आयएस मापाने ६०,००० चौरस फूट, फक्त लेबर, सिमेंट-वाळू मालकाची, म्हणजे तुमची. आकडे पद्धत समजण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

‘अ’चा दर २७, भरीव मापाने, वजावट नसल्याने त्याचं माप १० टक्के जास्त येतं असं धरू. तिसऱ्या मजल्यापासून दर मजल्याला फुटामागे १ रुपया चढ, म्हणजे तिसऱ्याला १, चौथ्याला २, पाचव्याला ३. जीएसटी नोंदणी नाही. घोडी, जाळी, पाणी मारणं त्याच्याकडे नाही. ‘ब’चा दर ३१, सगळं धरून, वर १८ टक्के जीएसटी. ‘क’चा २९, जाळी धरून, घोडी आणि पाणी मालकाचं, वर जीएसटी.

| बाब (रुपये) | अ | ब | क |
|---|---|---|---|
| कोटेशनवरचा दर | २७ | ३१ | २९ |
| मोजलं जाणारं माप, चौ. फूट | ६६,००० | ६०,००० | ६०,००० |
| मूळ रक्कम | १७,८२,००० | १८,६०,००० | १७,४०,००० |
| मजल्यांचा चढ | ७९,२०० | नाही | नाही |
| जीएसटी | नाही | ३,३४,८०० | ३,१३,२०० |
| घोडी-फळ्या | १,२०,००० | दरात | १,२०,००० |
| जाळी, ९,००० फूट × ६ | ५४,००० | दरात | दरात |
| पाणी मारणे, ६० दिवस × ६०० | ३६,००० | दरात | ३६,००० |
| एकूण | २०,७१,२०० | २१,९४,८०० | २२,०९,२०० |
| ६०,००० फुटांवर पडणारा दर | ३४.५२ | ३६.५८ | ३६.८२ |

कोटेशनवर ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात फुटाला ४ रुपयांचं अंतर होतं, ते आता जेमतेम २ रुपये राहिलं. ‘ब’ आणि ‘क’ यांची तर जागाच बदलली. ज्या बाबी एखाद्याच्या दरात नाहीत त्यांची किंमत तुम्ही कशी धरता यावर हा तक्ता उभा आहे, त्यामुळे ती तुमच्या मागच्या साईटच्या बिलांवरून घ्या. ठेकेदाराला विचारून घेतलेली किंमत इथे टाकू नका. तो ती हवी तशी सांगेल. आणि हे आकडे लिफाफे उघडण्याआधी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर आवडत्या ठेकेदाराला घोडी स्वस्तात मिळते.

जीएसटीने सगळं फिरतं

हाच तक्ता दोन प्रकल्पांत दोन वेगळे निकाल देतो. निवासी प्रकल्पात १ एप्रिल २०१९ पासूनच्या पद्धतीत ग्राहकाकडून ५ टक्के, परवडणाऱ्या घरांना १ टक्का जीएसटी घेतला जातो आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे पोटठेकेदाराचा १८ टक्के जीएसटी हा सरळ खर्च आणि वरचा तक्ता बरोबर. पण ज्या व्यावसायिक प्रकल्पात क्रेडिट मिळतं तिथे जीएसटीची ओळ काढून टाका: अ २०,७१,२००, क १८,९६,०००, ब १८,६०,०००. ज्याचा दर कागदावर सर्वांत महाग होता तोच सर्वांत स्वस्त निघाला.

‘अ’ची नोंदणी नाही, हे निवासी प्रकल्पात फायद्याचं दिसतं. पण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे आणि तुमचं एकच काम चढासकट १८,६१,२०० चं आहे. त्याची दुसरीकडे आणखी एखादी साईट असेल तर तो मर्यादा ओलांडणार आणि अर्ध्या कामात ‘साहेब, आता जीएसटी लागेल’ म्हणणार. सगळ्या बिलावर लागला तर ३,३५,०१६ वाढतात आणि ‘अ’ फुटाला ४० रुपये १० पैशांवर जातो. म्हणून नोंदणी नसलेल्याकडून लिहून घ्या की दर पुढे लागणाऱ्या जीएसटीसकट आहे की नाही. याशिवाय निवासी प्रकल्पात ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून करावी लागते. त्यात तूट आली तर तेवढ्यावर तुम्हालाच १८ टक्के रिव्हर्स चार्जने भरावे लागतात. बिगरनोंदणी ठेकेदारांची संख्या वाढवण्याआधी सीएला ही बेरीज दाखवा.

टीडीएस हा खर्च नव्हे. व्यक्ती किंवा एकत्र कुटुंबाला १ टक्का, इतरांना २ टक्के कापून त्यांच्याच नावावर भरायचा असतो. ‘टीडीएस न कापता दर’ असं कोणी लिहिलं असेल तर तेवढी रक्कम त्याच्या दरात मिळवा.

खालचा दर खाली का आहे

सर्वांत कमी दर आला की लगेच नाकारू नका आणि लगेच घेऊही नका. स्वतःचा दर काढून बघा. समजा गवंडी ११०० आणि बिगारी ७००, आणि ही जोडी दिवसाला १०० चौरस फूट नीट गिलावा करते. फुटाला १८ रुपये नुसती मजुरी झाली. त्यावर मुकादम, हत्यारं, ने-आण, फंडाचा भार आणि ठेकेदाराचा नफा. अशा वेळी २० चा दर आला तर तीनच शक्यता उरतात: त्याने काहीतरी सोडलं आहे, त्याची माणसं दिवसाला बरंच जास्त काम काढतात, किंवा तो काम अर्धवट टाकणार आहे. पहिली शक्यता विचारून कळते. दुसरी त्याच्या चालू साईटवर ओळंबा आणि लांब पट्टी लावून कळते. भिंतीवर पट्टी टेकवली आणि मागून उजेड दिसला तर तो वेग कुठून आला ते समजतं.

फंडाचा भार वेगळा बघा. भविष्यनिर्वाह निधीत कामगार ठेवणाऱ्याचा, म्हणजे ठेकेदाराचा हिस्सा १२ टक्के, प्रशासन आणि विमा धरून १३ टक्क्यांच्या आसपास, शिवाय ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्यविम्याचे, ३.२५ टक्के. जो भरतो त्याचा दर तेवढा चढाच असणार. जो भरत नाही त्याची थकबाकी मुख्य मालक म्हणून तुमच्या दारात येऊ शकते. तेव्हा मागच्या तीन महिन्यांची चलनं आणि त्यावरच्या कामगारांची संख्या तपासा. साईटवर ४० माणसं आणि चलनावर ९ असतील तर त्याच्या दरातली सवलत तुमच्या खात्यावर लिहिलेली आहे.

साहित्यासकट दर असेल तर साहित्याचा खप तपासणं सोपं आहे. १२ मिलिमीटर गिलाव्याला १० चौरस मीटरमागे साधारण ०.१४४ घनमीटर मसाला लागतो. १ः४ प्रमाणात त्यात सुमारे ५५ किलो सिमेंट, म्हणजे एका गोणीपेक्षा थोडं जास्त. १ः६ ला ३६ किलो. दोन कोटेशनांमध्ये प्रमाणच वेगळं धरलेलं असेल तर हा फरक त्यात लपलेला असतो.

खोदाई: जिथे बेरीज फसवते

पुण्यात जमिनीखाली काय निघेल हे प्लॉटवार बदलतं. कुठे दहा फूट मुरूम, कुठे चार फुटांवर काळा पाषाण. म्हणून खोदाईच्या कोटेशनची बेरीज कधीच एका परिमाणावर करू नका. समजा अंदाज ३०० ब्रास मुरूम आणि १०० ब्रास पाषाण असा आहे (ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). पहिला मुरमाला ९०० आणि पाषाणाला ४,५०० मागतो: बेरीज ७,२०,०००. दुसरा १,३०० आणि ३,६००: बेरीज ७,५०,०००. पहिला स्वस्त. आता प्रत्यक्षात दोन्ही २००-२०० ब्रास निघाले तर पहिल्याचे १०,८०,००० आणि दुसऱ्याचे ९,८०,००० होतात. ३० हजारांनी स्वस्त असलेला एक लाखाने महागला. शेजारच्या प्लॉटवरचं काम ज्याने पाहिलं आहे तो पाषाणाचा दर मुद्दाम चढा आणि मुरमाचा उतरता ठेवतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, त्याला माहिती आहे आणि तुम्हाला नाही, एवढंच. ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) खणा, निदान बोअरचा अहवाल वाचा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या परिमाणांवर बेरीज करून मग क्रम लावा.

पण हा ब्रास खड्ड्यातला की डंपरमधला? खणलेला मुरूम पाव हिश्श्याने आणि फोडलेला पाषाण दीडपटीपर्यंत फुगतो. डंपरच्या मापाचा स्वस्त दर खड्ड्याच्या मापात आणला की महाग निघतो. गौणखनिजाची रॉयल्टी कोण भरणार, माल किती किलोमीटरवर टाकणार, आणि पेठेतल्या गल्लीत डंपर जात नसेल तर छोट्या गाडीचा फेरा कोणाच्या अंगावर, हेही त्याच ओळीत लिहा.

असाच उतारा-चढाव इतर कामांतही सापडतो. सुरुवातीच्या बाबींचे दर भरपूर आणि शेवटच्या बाबींचे नाममात्र असतील तर तो ठेकेदार अर्ध्या कामातच आपला नफा काढून मोकळा होतो, आणि मग दरवाजाकडेची दुरुस्ती करायला फिरकत नाही.

अटींचे रुपये

आगाऊ रकमेवरून फार घासाघीस होते. २० लाखांच्या कामात १० टक्के उचल, चार महिन्यांत वसूल होणारी, म्हणजे सरासरी दोन महिने २ लाख अडकले. १२ टक्क्यांनी व्याज ४ हजार. तुलनेत ही रक्कम नगण्य आहे. भीती व्याजाची नाही, उचल घेऊन टोळी दुसऱ्या साईटवर जाण्याची आहे. म्हणून उचल कमी करण्यापेक्षा ती माणसं साईटवर आल्यानंतर दोन हप्त्यांत द्या.

दोषदुरुस्तीची मुदत मात्र महाग बाब आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ठेकेदार बारा महिने लिहितो. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं, रचनेतल्या आणि कारागिरीच्या दोषांसाठी. मधली चार वर्षं तुमच्या खिशातून. वॉटरप्रूफिंग, बाहेरचा गिलावा आणि प्लंबिंग या तिघांत हे अंतर भरून काढणाऱ्याला फुटाला एक-दोन रुपये जास्त देणं परवडतं. हमीपत्र स्टँपपेपरवर असूनही ते देणारी फर्म दोन वर्षांत नाव बदलणार असेल तर त्याला शून्य किंमत धरा.

माणसं किती आणि कुठली, ते विचारा. होळीला आणि दिवाळी-छठच्या सुमारास टोळ्या गावी जातात. बाहेरचा गिलावा मे महिन्यात संपायचा असेल तर मार्चचा खड्डा वेळापत्रकात दिसला पाहिजे. सेंट्रिंगवाल्याला (स्लॅबचा साचा बांधणाऱ्याला) प्लेटा-टेकूंचे किती संच आहेत ते विचारा. आयएस ४५६ नुसार ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्यापुढच्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. एकाच संचावर दर दहा दिवसांनी स्लॅब टाकू म्हणणारा टेकू लवकर काढणार हे धरून चाला.

बोलणी आणि वर्क ऑर्डर

लिफाफे ठरल्या वेळी दोघांनी मिळून उघडावेत, प्रत्येक पानावर सही करावी. गुणाकार तपासा; दर आणि रक्कम जुळत नसेल तर दर खरा धरायचा, हे आधीच कळवून ठेवा. ‘त्याने सत्तावीस दिलाय, तू कितीत करतोस?’ हा फोन करू नका. पुढच्या वेळी तिघेही दरात तीन रुपये कापण्यासाठीच चढवून देतील. बोलणी एकदाच, आणि कामाची व्याप्ती बदलली तर नवा दर सगळ्यांकडून.

तुलनेच्या तक्त्यातल्या प्रत्येक खुलाशाची ओळ वर्क ऑर्डरमध्ये उतरली पाहिजे: माप आयएस १२०० च्या १२व्या भागाप्रमाणे, चढ नाही, पाणी ठेकेदाराचं, जाळी धरून. यादीत नसलेल्या कामाचा दर कसा काढायचा तेही लिहा, उदाहरणार्थ साहित्य आणि मजुरीचा प्रत्यक्ष खर्च अधिक १५ टक्के. नाहीतर तक्त्यात मिळवलेले दोन रुपये पहिल्याच जादा कामाच्या बिलात जातात.

दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराला लगेच नकार कळवा, पण त्याच्या दराची मुदत पहिलं चालू बिल निघेपर्यंत वाढवून मागा. पहिली टोळी गेलीच तर ती पहिल्या महिन्यातच जाते.